विजेच्या यंत्रांचा कचरा आणि आपली जमीन

खताच्या ढिगांत काय काय पडलें आहे, हें पाहिल्यावांचून शहाणा शेतकरी तो ढीग शेतांत पसरीत नाहीं. कांच, खापर किंवा तारेचा तुकडा दिसला तर तो वेंचून बांधावर टाकतो. कारण तोच तुकडा पुढें बैलाच्या खुरांत किंवा मजुराच्या पायांत जावयाचा, हें त्यास ठाऊक असतें. परंतु कांहीं पदार्थ असे आहेत कीं, ते डोळ्यांस दिसत नाहींत, पायांत रुतत नाहींत, आणि एकदां मातींत मिसळले म्हणजे वेंचून काढतांहि येत नाहींत. शिसें, पारा व कॅडमियम हे धातु त्यांपैकींच होत. हे धातु आपल्या शेतांत येण्याच्या ज्या वाटा अलीकडे नव्यानें पडल्या आहेत, त्यांतील एक मोठी वाट म्हणजे विजेच्या मोडक्या यंत्रांचा कचरा, ज्यास हल्लीं ई-कचरा म्हणतात, ती होय. या कचऱ्याची व्यवस्था लावणें हें नगरपालिका व ग्रामपंचायत या स्थानिक संस्थांचें काम आहे. तें काम कसें चालतें, कोठें अडतें, आणि शेतकरीवर्गानें त्यांत कां लक्ष घालावें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

एका उन्हाळ्यांत आम्ही तालुक्याच्या एका गांवीं गेलों असतां, कचरा टाकण्याच्या जागेशेजारीं, ओढ्याच्या कांठीं, दोन मुलें केबलीचें वेटोळें पेटवून बसलेलीं दिसलीं. वरचें काळें आवरण जळून गेलें कीं आंतील तांबें मोकळें होतें, व तें भंगारवाल्यास चांगल्या भावानें विकतां येतें. काळा, तिखट धूर वाऱ्याबरोबर गोठ्यांकडे जात होता. चौकशी करतां कळलें कीं, ती केबल आसपासच्या शेतांतल्या कूपनलिकांतून काढलेली होती, व ती विकणारे शेतकरीच होते. ओढा तेथून पन्नास पावलांवर, आणि ओढ्याच्या खालच्या अंगास भाजीचे मळे. पहिल्या पावसाबरोबर ती राख कोठें जावयाची, हें निराळें सांगावयास नको. या प्रकारांत दोष एकाच कोणाचा नव्हता. विकणाऱ्यानें विचारलें नाहीं, घेणाऱ्यानें सांगितलें नाहीं, आणि ग्रामपंचायतीनें पाहिलें नाहीं.

या कचऱ्यांत काय काय येतें

ई-कचरा म्हटला कीं संगणक व दूरध्वनी एवढेंच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येतें, आणि हा शहरचा प्रश्न आहे अशी समजूत होते. ती बरोबर नाहीं. शेतकऱ्याच्या घरांत व शेतांत आज किती वस्तु विजेवर चालतात, याची यादी करून पाहावी. पंपाचा स्टार्टर व त्याचा कपॅसिटर, आपोआप पंप चालू करणारी ‘ऑटो’ पेटी, केबल, बॅटरीवर चालणारा फवारणीचा पंप, रानडुकरांसाठीं कुंपणास जोडलेलें झटका-यंत्र, हातबॅटरी, ट्रॅक्टरची व इन्व्हर्टरची बॅटरी, नळीचे दिवे, जुनी दूरचित्रवाणी, शीतपेटी, मिक्सर, पंखा, मोबाईल व त्यांचे चार्जर, आणि अलीकडे पंपासाठीं बसविलेले सौर पॅनेल. यांतील प्रत्येक वस्तु कांहीं वर्षांनीं निकामी होणारच.

या वस्तूंत उपयुक्त पदार्थहि असतात आणि घातक पदार्थहि असतात, व ते एकमेकांस चिकटलेले असतात. मोटरींत व केबलींत तांबें असतें, पण केबलीवर पीव्हीसीचें आवरण असतें. छपील पट्टींत किंचित् सोनें व चांदी असते, पण तिच्यावरील जुन्या डाखांत शिसें असतें. जुन्या दूरचित्रवाणीच्या कांचेंत शिसें पुष्कळ असतें. नळीच्या व पिळदार दिव्यांत थोडा पारा असतो. जुन्या शीतपेटींतील वायु मोकळा सोडल्यास तो पृथ्वीवरील ओझोनच्या थरास मारक ठरतो. त्यावर निर्बंध घालण्यासाठींच १९८७ सालीं माँट्रिऑल येथें राष्ट्रांचा करार झाला. सबब चांगलें तेवढें काढून घेऊन वाईट तेवढें नीट बंदिस्त करणें, हेंच या धंद्याचें खरें कसब होय. तें घरामागील परसांत साधणारें नव्हे.

शेतीशीं संबंध काय

पहिला संबंध खताचा. शहरच्या कचऱ्यापासून केलेलें कंपोस्ट पुष्कळ ठिकाणीं शेतकरी विकत घेतात, आणि तें योग्यहि आहे. आपल्या जमिनींस सेंद्रिय द्रव्याची मोठीच गरज आहे. परंतु ज्या शहरांत ओला व सुका कचरा निराळा केला जात नाहीं, तेथें फुटका नळीचा दिवा, घड्याळाचे सेल व मोडका चार्जर हीं भाजीच्या सालींबरोबरच कुजत पडतात. भोपाळ येथील भारतीय मृदा विज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं निरनिराळ्या शहरांचें कंपोस्ट तपासून २०१० सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत मिश्र कचऱ्याच्या खतांत जड धातूंचें प्रमाण अधिक, व मुळांतच निराळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याच्या खतांत तें कमी असल्याचें दिसून आलें.

खत नियंत्रण आदेश, १९८५ यानें शहरी कंपोस्टासाठीं मर्यादा घालून दिल्या आहेत. एक किलो खतांत शिसें १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम व पारा ०·१५ मिलिग्रॅम यांहून अधिक असतां कामा नये. आतां हिशेब करून पाहूं. एकरीं चार टन खत घातलें आणि त्यांत शिसें बरोबर मर्यादेइतकें असलें, तर एका वर्षांत एकरांत ४०० ग्रॅम शिसें पडलें. नांगरटीच्या थरांतील माती एकरीं सुमारें नऊ लक्ष किलो धरली, तर प्रत्येक किलो मातीच्या वांट्यास अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडें कमी आलें. हें प्रमाण अल्प खरें. पण खतांतील शिसें मर्यादेच्या तिप्पट असेल, आणि असें खत दहा वर्षें पडत राहील, तर किलोमागें तेरा मिलिग्रॅम वाढतें. नत्र पीक घेऊन जातें किंवा पावसानें धुपतें. शिसें तसें जात नाहीं. तें वरच्या थरांत बसून राहतें, व मुलाच्या, नातवाच्या हातीं जमीन जाते तेव्हां तेंहि तिच्याबरोबर जातें.

दुसरा संबंध धुराचा. पीव्हीसीचें आवरण जाळलें असतां आम्लाची वाफ निघते, व डायॉक्सिन नांवाचे अत्यंत विषारी पदार्थ तयार होतात. तारेंतील तांब्यामुळें ते बनण्यास साहाय्यच होतें. हे पदार्थ धुराबरोबर जाऊन गवतावर व चाऱ्यावर बसतात. तो चारा खाणाऱ्या जनावराच्या चरबींत ते सांठतात, आणि तेथून दुधांतील स्निग्धांशांत उतरतात. म्हणजे गोठ्याच्या वाऱ्याच्या बाजूस कोणी केबल जाळीत असेल, तर त्याचा परिणाम आपल्याच घरच्या दुधाच्या पेल्यापर्यंत येऊं शकतो.

तिसरा संबंध पाण्याचा व पिकाचा. चीन देशाच्या आग्नेय भागांत ताइझौ म्हणून जिल्हा आहे. तेथील खेड्यांतून भातशेतीच्या शेजारींच जुनीं यंत्रें फोडण्याचा व जाळण्याचा धंदा पुष्कळ वर्षें चालला. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत तेथील सडलेल्या तांदळांत शिशाचें सरासरी प्रमाण किलोस ०·६९ मिलिग्रॅम आढळलें. त्या देशाची मर्यादा ०·२० मिलिग्रॅम होती. म्हणजे सुमारें साडेतीनपट. त्याच देशांतील ग्वियू येथें, जेथें हा धंदा घरोघर चाले, तेथील लहान मुलांच्या रक्तांत शिसें वाढलेलें आढळलें. शिशाचें अमुक प्रमाण निर्धोक आहे असें जागतिक आरोग्य संघटना मानीत नाहीं. मुलांच्या बुद्धीवर त्याचा परिणाम कायमचा होतो. आपल्याकडेहि उत्तर प्रदेशांत मुरादाबाद येथें रामगंगेच्या कांठीं छपील पट्ट्या जाळून व धुऊन धातु काढण्याचा धंदा चालत आला, व त्याच्या काळ्या राखेचे ढीग नदीकांठीं पडले. नदीखालचीं शेतें हीं शेतकऱ्यांचींच असतात, हें विसरतां येत नाहीं.

जमिनीच्या जातीप्रमाणें या धोक्यांत फरक पडतो. काळ्या, चुनखडीच्या जमिनींत शिसें बरेंचसें बांधलें जातें व पिकांत कमी चढतें. कोंकणांतील तांबड्या, आम्ल जमिनींत जड धातु अधिक मोकळे राहतात. पिकांतहि पालेभाज्या कॅडमियम लवकर उचलतात. म्हणून कचऱ्याच्या जागेजवळ ज्यांचे भाजीचे मळे आहेत, त्यांनीं विशेष सावध असावें.

कायदा काय सांगतो

आपल्या देशांत या विषयाचे पहिले स्वतंत्र नियम २०११ सालीं झाले व ते मे २०१२ पासून अंमलांत आले. पुढें २०१६ सालीं ते बदलले. आणि २०२२ सालीं प्रसिद्ध झालेले नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. या नियमांचें मुख्य तत्त्व असें कीं, जो माल बनवितो किंवा देशांत आणतो, त्यानेंच तो निकामी झाल्यावर त्याची वाट लावण्याचा भार सोसावा. प्रत्येक उत्पादकास दर वर्षी ठराविक उद्दिष्ट दिलेलें असून, तें ६० टक्क्यांपासून चढत जाऊन २०२७-२८ सालीं ८० टक्के व्हावयाचें आहे. उत्पादकानें नोंदणी झालेल्या कारखान्याकडून तितक्या मालाची पुनर्प्रक्रिया झाल्याचें प्रमाणपत्र घ्यावयाचें असतें. २०२२ च्या नियमांत वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर गेली. सौर पॅनेलांचा त्यांत समावेश असून, २०३४-३५ पर्यंत निघणारा त्यांचा कचरा उत्पादकांनीं सांठवून ठेवावा, असें बंधन आहे.

मग स्थानिक संस्थेकडे काय उरतें? २०२२ च्या नियमांत नागरी व ग्रामीण अशा दोन्ही संस्थांस कांहीं कर्तव्यें नेमून दिलीं आहेत. गांवच्या साध्या कचऱ्यांत मिसळलेला ई-कचरा निराळा करून तो नोंदणीकृत कारखान्याकडे पोंचविणें, हें पहिलें. दुसरें म्हणजे अनाथ मालाची व्यवस्था. ज्या वस्तूवर कोणाचें नांव नाहीं, जी सुटे भाग जोडून बनविली आहे, किंवा जिची मूळ कंपनीच बंद पडली आहे, ती अनाथ समजावी. खेड्यांतील बाजारांत मिळणारे स्वस्त चार्जर, हातबॅटऱ्या व झटका-यंत्रें यांतील पुष्कळ माल याच जातीचा असतो. तेव्हां हें कर्तव्य ग्रामपंचायतीस विशेषच लागू पडतें. तिसरें, संकलनाची सोय उभी राहण्यास साहाय्य करणें. त्यापूर्वींच २०१६ च्या घनकचरा नियमांनीं घरगुती घातक कचऱ्यासाठीं दर वीस चौरस किलोमीटर क्षेत्रास एक याप्रमाणें संकलनकेंद्र उघडण्यास स्थानिक संस्थांस सांगितलें होतें.

बॅटऱ्यांसाठीं निराळे नियम आहेत. २००१ च्या नियमांच्या जागीं २०२२ सालीं नवे नियम आले, व आतां शिशाच्या बॅटरीपासून लहान सेलापर्यंत सर्व जाती त्यांत येतात. साखर कारखाने, बँका, मोठ्या शिक्षणसंस्था यांपैकीं ज्यांच्याकडे वर्षांत १००० किंवा त्याहून अधिक नग वापरांत असतील, त्यांस मोठे ग्राहक समजलें जातें, व त्यांनीं आपला माल वाटेल त्या भंगारवाल्यास देतां येत नाहीं. सहकारी कारखान्यांचे सभासद शेतकरी असतात. वार्षिक सभेंत हा प्रश्न विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे.

परदेशांतील दोन उदाहरणें

ब्रिटनमध्यें ही पद्धत २००७ पासून चालू आहे. तेथील स्थानिक कौन्सिलांनीं घरगुती कचऱ्यासाठीं जागा राखून ठेवल्या आहेत. नागरिक आपलें मोडकें यंत्र तेथें आणून देतो, व त्याबद्दल त्यास कांहीं द्यावें लागत नाहीं. मालाचे वर्ग त्याच ठिकाणीं पाडले जातात: धुलाईयंत्रासारखी मोठी यंत्रें एकीकडे, शीतपेट्या दुसरीकडे, दूरचित्रवाणीचे पडदे तिसरीकडे, पाऱ्याचे दिवे चौथीकडे, आणि किरकोळ माल पांचवीकडे, सौर पॅनेल निराळे. कौन्सिलनें जागा द्यावी व वर्ग पाडावे. तेथून माल उचलून कारखान्यांत नेण्याचा खर्च उत्पादकांच्या मंडळांनीं करावा, अशी वांटणी आहे. नवें यंत्र घेतांना त्याच जातीचें जुनें परत घेण्याची जबाबदारी दुकानदारावरहि आहे. ही व्यवस्था असूनहि तेथें किरकोळ वस्तु घरच्या खणांत पडून राहतात किंवा साध्या कचऱ्यांत जातात, हेंहि सांगितलें पाहिजे. मोठी वस्तु अडचण करते म्हणून माणूस ती बाहेर काढतो. लहान वस्तु अडचण करीत नाहीं, म्हणून ती राहते.

या लहान वस्तूंसाठीं जपाननें केलेला प्रयत्न ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. तेथें दूरचित्रवाणी, शीतपेटी, धुलाईयंत्र व वातानुकूलक यांसाठीं २००१ पासून, आणि लहान यंत्रांसाठीं २०१३ पासून निराळा कायदा लागू आहे. टोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांचीं पदकें जुन्या यंत्रांतील धातूंपासून करावयाचीं असें ठरवून, एप्रिल २०१७ पासून मार्च २०१९ पर्यंत देशभर संकलन झालें. १,६२१ स्थानिक संस्थांनीं त्यांत भाग घेतला. त्यांनीं ७८,९८५ टन लहान यंत्रें जमविलीं, शिवाय दूरध्वनीच्या दुकानांतून सुमारें ६२ लक्ष मोबाईल आले. त्यांतून सुमारें ३२ किलो सोनें, ३,५०० किलो चांदी व २,२०० किलो कांसें मिळून सुमारें पांच हजार पदकांची गरज भागली.

या आंकड्यांवरून आपण एक गोष्ट घ्यावी. पाऊण लक्ष टनांहून अधिक मालांतून सोनें निघालें तें ३२ किलो. ई-कचऱ्यांत सोनें असतें हें ऐकून ज्यांच्या तोंडास पाणी सुटतें, त्यांनीं हा हिशेब पाहावा. एका गांवच्या कचऱ्यांतील सोनें काढणें हा गांवचा धंदा होऊं शकत नाहीं. तें काम मोठ्या कारखान्याचें. गांवाचा लाभ निराळाच आहे. विहीर, चारा व माती स्वच्छ राहणें, हा तो लाभ होय.

आपल्याकडे कोठें अडतें

ब्रिटन व जपान येथील पद्धत जशीच्या तशी येथें लावतां येत नाहीं, याचें कारण साधें आहे. तेथें जुन्या वस्तूस घरच्या माणसाच्या दृष्टीनें किंमत नसते; आपल्याकडे असते. भंगारवाला दारीं येतो, वजन करतो व रोख पैसे देतो. ग्रामपंचायत म्हणेल कीं आम्हांस फुकट द्या, तर कोण देईल? शिवाय भंगारवाल्याची जमात ही आपल्या समाजांतील एक अत्यंत उपयुक्त जमात आहे. तिनें गोळा केलें नसतें तर आपलीं गांवें केव्हांच पत्र्याखालीं व बाटल्यांखालीं बुडालीं असतीं. दोष त्याच्या फिरण्यांत नाहीं, पुढच्या जाळण्यांत व फोडण्यांत आहे.

म्हणून आमचें मत असें कीं, गांवच्या ई-कचऱ्याचे प्रथम दोन भाग करावे. ज्यास भाव आहे तो एक: मोटर, केबल, बॅटरी, शीतपेटीचा पत्रा. ज्यास भाव नाहीं तो दुसरा: नळीचे दिवे, सेल, जुनी दूरचित्रवाणी, चार्जर, रिमोट, मोडके दिवे. दुसरा भाग भंगारवाला घेत नाहीं, आणि घेतला तरी कामाचें काढून उरलेलें उकिरड्यावर टाकतो. ग्रामपंचायतीनें मुख्यतः हा दुसरा भाग आपल्याकडे घ्यावा. पहिल्या भागाबाबत, तो जाळला व फोडला जाणार नाहीं एवढी अट घालून भंगारवाल्यास आपल्या योजनेंतच सामील करून घ्यावें. पुणें येथें हें घडलें आहे. तेथील कचरावेंचकांनीं १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापिली; पुढें त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ सालीं महानगरपालिकेनें तिच्याशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम तिच्या सभासदांकडे दिलें. जुनीं यंत्रें निराळीं गोळा करण्याचें कामहि ती करते. ज्यांस आपण कचऱ्याचे धनी समजत होतों, त्यांस व्यवस्थेचे भागीदार करणें, हाच यांतील धडा होय.

ग्रामपंचायतीनें काय करावें

पुढील योजना कोणत्याहि मध्यम गांवास झेपण्यासारखी आहे.

(१) जागा. एक लहान खोली, वर छप्पर, खालीं सिमेंटची जमीन, दारास कुलूप. उघड्यावर ढीग घातला कीं पाऊस त्यांतील विष घेऊन ओढ्यास मिळतो. मग संकलन केलें काय आणि न केलें काय, सारखेंच.

(२) पेट्या. चार पुरेत: दिव्यांसाठीं एक, सेल व लहान बॅटऱ्यांसाठीं एक, मोबाईल, चार्जर आदि किरकोळ मालासाठीं एक, व दूरचित्रवाणीसारख्या मोठ्या मालासाठीं मोकळी जागा. दिव्यांच्या पेटींत भुसा किंवा वर्तमानपत्र घालावें. सेलांची पेटी लोखंडी असावी व तींत कोरडी वाळू असावी.

(३) दिवस. वर्षांत दोनदां संकलन करावें. एकदां दिवाळीपूर्वीं घरें झाडलीं जातात तेव्हां, व एकदां मृगाच्या आधीं. दवंडी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं द्यावी. शाळेच्या मुलांस हें काम सांगितल्यास घरच्या खणांतला माल लवकर बाहेर येतो. पण दिवे व बॅटऱ्या मात्र मुलांच्या हातीं देऊं नयेत.

(४) नोंदवही. तारीख, वस्तु, वजन व देणाऱ्याचें नांव लिहावें. नोंद नसली कीं माल वाटेंतच फुटतो.

(५) रवानगी. एका गांवासाठीं कारखान्याची गाडी येणार नाहीं. पांचशें घरांच्या गांवांत घरटीं दोन किलो माल निघाला, तर तो एक टन होतो. अशीं दहा गांवें पंचायत समितीच्या मार्फत एकत्र आलीं, तर एका मालमोटारीचें ओझें होतें. कारखाना नोंदणीकृत आहे कीं नाहीं, हें प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादींत पाहूनच माल द्यावा, वजनाची पावती घ्यावी, व ती ग्रामसभेपुढें वाचावी. आलेले पैसे ग्रामनिधींत जमा व्हावे.

(६) निषेध. केबल जाळणें, बॅटरी फोडणें, दूरचित्रवाणीची नळी फोडणें, या तीन गोष्टी गांवाच्या हद्दींत होऊं देऊं नयेत. ग्रामसभेनें तसा ठराव करावा, व भंगाराच्या वखारींची वर्षांतून दोनदां पाहणी व्हावी.

नगरपालिकेच्या हद्दीलगत ज्यांची शेती आहे, त्यांनीं शहरी खत घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे: ओला कचरा घरांतूनच निराळा होऊन येतो काय; खताच्या या खेपेचा जड धातूंचा तपासणी-अहवाल आहे काय; आणि दिवे व सेल निराळे घेण्याची सोय शहरांत आहे काय. उत्तरें समाधानकारक नसतील, तर तें खत स्वस्त असलें तरी घेऊं नये. गिऱ्हाइकानें विचारूं लागल्याशिवाय विकणारा सुधारत नाहीं, हा बाजाराचा नियम नगरपालिकेसहि लागू आहे.

घरीं पाळावयाचे नियम

बॅटरी विकतांना ती भरलेलीच विकावी. आंतील आम्ल ओतून रिकामी करून आणा, असें कोणी सांगितल्यास तसें करूं नये; त्या आम्लांत शिसें विरघळलेलें असतें. नवी बॅटरी घेतांना जुनी दुकानदारासच द्यावी, म्हणजे किंमतींत सूटहि मिळते.

केबल सोलून विकावी, जाळून नव्हे. साध्या पात्याच्या यंत्रानें आवरण निघतें, व न जळलेल्या चकचकीत तांब्यास भावहि चांगला येतो.

नळीचा दिवा फुटल्यास दारें-खिडक्या उघडून मुलांस बाहेर काढावें. केरसुणी न फिरवितां जाड कागदानें तुकडे गोळा करून ते झांकणाच्या बरणींत ठेवावे.

फुगलेली बॅटरी, मग ती मोबाईलची असो वा फवारणी-पंपाची, दाबूं किंवा टोंचूं नये. ती पेट घेते. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती कोरड्या वाळूंत ठेवावी.

शीतपेटीची नळी कापूं नये. गारपिटीनें फुटलेला सौर पॅनेल उन्हांत असेपर्यंत वीज निर्माण करीतच असतो. त्यावर जाड कापड झांकून व जाणत्या माणसाकडून जोड सोडवून मगच तो हलवावा, आणि ज्यानें बसविला त्यासच कळवावें.

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे कचरा होऊंच न देणें. एक फेज गेली असतां मोटर चालूं राहिली कीं ती जळते. ती टाळण्याचें लहान उपकरण स्टार्टरला बसविल्यास पुष्कळ मोटरी वांचतात. योग्य कपॅसिटर, घट्ट जोड व उंदरांपासून जपलेली केबल यांनीं यंत्राचें आयुष्य वाढतें. आपल्या गांवचा रिवाइंडिंगवाला व रेडिओ दुरुस्त करणारा हेहि या कामांत आपले मोठे साहाय्यक आहेत. त्यांस काम देणें म्हणजे कचऱ्याच्या ढिगांतून एक वस्तु काढून घेणेंच होय.

एकाद्या वर्षीं पाऊस चुकला तर तें वर्ष वाईट जातें, पण पुढच्या वर्षीं जमीन पुन्हां आपल्या उपयोगी पडते. शिसें व कॅडमियम यांनीं बिघडलेली जमीन तशी सुधारत नाहीं, आणि ती पूर्ववत् करण्याचा खर्च तिच्या किंमतीहून अधिक होतो. याउलट वर सांगितलेल्या योजनेस लागतें तें काय? एक खोली, चार पेट्या, एक वही व वर्षाचे दोन दिवस. येत्या ग्रामसभेंत हा विषय वाचकांनीं आपल्या गांवीं काढावा, अशी आमची सूचना आहे. ज्या गांवीं असें संकलन होईल, तेथील मंडळींनीं किती माल जमला, कोणत्या अडचणी आल्या व गाडीची सोय कशी लागली, हें या मासिकाकडे लिहून कळवावें; म्हणजे दुसऱ्या गांवांस त्याचा उपयोग होईल.